दीड वीत

केरळच्या बाईंना ताप भरला
म्हणून आयत्या वेळी झेंडा माझ्या हातात आला.
म्हापशाचं मैदान, दुपारचे साडेतीन,
महिला चषकाचा बाद फेरीतला सामना,
गोव्याचा संघ, आणि रेषेवर गोव्याचीच मी.
चालेल ना, असं दोनदा विचारलं गेलं.
दोन्ही कप्तानांनी मान डोलावली,
मी सही केली.

मैदानातल्या सगळ्या रेषा सकाळीच चुन्याने मारून ठेवतात.
मी राखते ती कुणी आखत नाही.
शेवटून दुसऱ्या पोरीच्या टाचेला ती बांधलेली असते,
ती धावली की धावते,
ती अडखळली की जागच्या जागी थांबते,
आणि तिला धरून कडेकडेने मी,
खेकड्यासारखी आडवी.
डिचोलीच्या शाळेत फळ्यावर लिहून देते दरवर्षी :
रेषेला लांबी असते, रुंदी नसते.
पोरं उतरवून घेतात. कुणी विचारत नाही
मग तिच्यावर उभं कसं राहायचं.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. एक गोल मागे.
गॅलरीत ट्रम्पेट, कागदाच्या पुड्यांतले चणे,
कुणाची तरी आई उभी राहून नुसतीच ओरडत होती.
लेविता कुलासो, माझी जुनी विद्यार्थिनी,
गणितात एक्केचाळीस,
घंटा व्हायच्या आत दारात एक पाय.
तसाच तो पाय.
मधल्या फळीतून चेंडू सुटायच्या आधी
गुडघा पुढे, खांदा पुढे,
दीड वीत.

जाळं हललं.
अख्खं मैदान उठलं.
आणि ती धावत आली, हात पसरून,
माझ्याकडे,
कारण त्या कोपऱ्यात सगळ्यांत जवळ मीच होते.
झेंडा वर होता माझा.
कधी वर गेला ते मला आजही सांगता येत नाही.
तिचे हात पसरलेलेच राहिले थोडा वेळ,
वाळत घातलेल्या कपड्यांसारखे.

दुसऱ्या दिवशी पोदेराने पाव मोजून दिले,
भोंपू हँडलला अडकवला,
जाता जाता म्हणाला, "गोल आशिल्लो गो!"
मासळीवालीने काटा दोनदा तपासून दाखवला,
तुला बारीक दिसतं ना, म्हणून.
नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला,
काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.
सोमवारी फळ्यावर कुणी झेंडा काढून ठेवला होता,
चांगला काढला होता, काठीसकट.
पुसला नाही.
त्याच्या शेजारी त्रिकोण शिकवले.

चषक कुणी नेला, मी पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी डिचोलीच्या बसस्टँडवर
लेविता बाकावर येऊन बसली, मध्ये पिशवी ठेवून.
साखळीची बस भरून गेली.
मग म्हणाली, "टीचर, कितलें?"
मी अंगठा टेकवला बाकाच्या सिमेंटवर,
करंगळी ताणली, पुन्हा अंगठा,
अर्ध्यावर थांबले.
तिने वाकून पाहिलं.
मग त्याच जागेवर स्वतःचा हात पसरला,
लांब, काळसर, नखाखाली माती.
"माझी एकच वीत," म्हणाली,
आणि हात उचलला नाही
बस येईपर्यंत.