चौसष्ट अक्षरं

नारिनमध्ये आज उणे सव्वीस.
रक्तपेढीचा फ्रीज बाहेरच्यापेक्षा उबदार,
असं सापारबेक रोज म्हणतो
आणि रोज एकटाच हसतो.

सोमवारपासून बिश्केकचा सर्व्हर
आमच्या जुन्या मशीनशी बोलत नाही.
हे हात पुढे करतं,
पलीकडे कोणी धरत नाही.
तुमची बोली जुनी झाली, एवढाच निरोप,
तोही आकड्यांत.
चार दिवस मी साठा फोनवर सांगतेय,
ओ निगेटिव्ह दोन, बी पॉझिटिव्ह सात,
आणि तिकडची मुलगी नीट लिहून घेतेय का
ते तिच्या श्वासावरून ताडतेय.

या मशीनसाठी तयार पॅकेज आता कोणी बांधत नाही.
बांधणारे म्हातारे झाले असतील, किंवा शहाणे.
म्हणून सोर्स आला पेनड्राइव्हवर,
दोलोनची खिंड ओलांडून,
कुबानिचच्या कोटाच्या आतल्या खिशात,
कारण थंडीने फायली गोठतात
असं त्याचं ठाम मत.

पण आलेला माल अस्सल कशावरून?
कुलूप घ्यायचं तर आधी
कुलूपवाल्याचीच चौकशी.
ओशमध्ये झुउराने तोच गठ्ठा दुसऱ्या वाटेने उतरवला होता.
ती फोनवर वाचत गेली, मी पडद्यावर बोट सरकवत गेले:
नऊ, सी, चार, चार, एफ, शून्य
एकोणिसाव्याला तिचं बाळ रडलं.
"सोळापासून घेऊ?"
"नको. पहिल्यापासून."
नऊ, सी, चार, चार.
बाळ बहुधा खांद्यावर होतं, कारण
प्रत्येक अक्षरामागे एक थोपटणं ऐकू येत होतं.
चौसष्टावं, ई, दोघींनी एकदम म्हटलं.
मग थोडा वेळ कोणीच फोन ठेवला नाही.

कॉन्फिगर म्हणजे
सोयरीक जुळवायला आलेली मावशी.
पर्ल आहे का? आहे.
कंपायलर आहे का? आहे, वय झालंय.
डिस्कवर जागा? तशी आहे.
मग बांधणी सुरू, आणि तिसऱ्याच मिनिटाला
मशीन म्हणालं:
ही फाईल भविष्यातली आहे.

घड्याळाची बॅटरी मेलेली.
त्याच्या हिशेबाने अजून दोन हजार तीनचा जानेवारी.
तेव्हा मी नववीत होते
आणि या खोलीत शिवणवर्ग भरायचा.
एका आज्ञेत एवढी वर्षं ढकलली.
नाहीतरी बिश्केकचं प्रमाणपत्र त्याने
"अजून लागू नाही" म्हणून परतच पाठवलं असतं.

रात्रभर ओळी सरकत राहिल्या.
मी शेगडीत कोळसा टाकला, दोनदा.
सापारबेक चहा घेऊन आला.
"काय शिजतंय?"
"कुलूप."
"रात्रभर?"
"आणि चावीसुद्धा."
तो पडद्याकडे बघत बसला,
मेंढ्या मोजायच्या सवयीने ओठ हलवत.

चाचण्या: ठीक, ठीक, ठीक,
एक वगळली, ठीक.
पहाटे पाचला इन्स्टॉल. मी विचारलं, कोण आहेस तू?
उत्तर आलं जुन्याच आवृत्तीचं.
नवी आत येऊन बसली होती, पण
प्रोग्रामच्या पायांना जुन्याच दाराची सवय.
जुनीला हाकललं नाही.
सूक्ष्मदर्शकाचं सॉफ्टवेअर अजून तिच्या जिवावर चालतं.
फक्त वाटांचा क्रम बदलला,
कॅश नव्याने लिहिली,
परत विचारलं.

या वेळी पलीकडून
हात धरला गेला.
किती साधं दिसतं ते. एक ओळ.
तीत कुबानिच नाही, बाळ नाही, कोळसा नाही.

साडेआठला फोन वाजला.
सवयीने. तीच मुलगी.
साठा तिच्या पडद्यावर केव्हाच पोचला होता.
"तरी एकदा सांगा ना," ती म्हणाली.
मी सांगितलं, ओ निगेटिव्ह दोन,
बी पॉझिटिव्ह सात,
तिने तिकडे बोट ठेवलं असावं.
"जुळतंय," ती म्हणाली.
मग मी तिचं नाव विचारलं.