टेंपरेचर-चार्टच्या पाठीवर

दारावरच्या पाटीवर अक्षरं 'मेंझिस'ची,
आणि हाक मारायची 'मिंगिसबाई'.
आईला त्यात काही वावगं वाटलं नाही.
लिवाचं शाळा, म्हनाचं शाया,
लिवाचं डोळा, म्हनाचं डोया,
बाईच्या गावालेही तसंच असन, ती म्हणाली.

नागपूरच्या मिशन दवाखान्यात कौतिका रंगारी
बेडपॅन धुवायची आणि कान उघडे ठेवायची.
रात्रपाळीत रद्दीतल्या चार्टांमागे
पेन्सिलीनं शब्द उतरवायची, ऐकू आले तसे:

वी — बारकं.
बेर्न — लेकरू.
ग्लेकिट — बैताड. आपला शालिक वॉर्डबॉय.
निख्त — रात. ह्यातला ख घशात खरवडाचा,
मासोळीचा काटा अडकल्यावानी.
पीली-वॅली — फिक्कट पडलेला. कावीयचा पेशंट.
हा शब्द आपलाच हाये, बाईनं इथूनच उचलला,
हे ती मरेपर्यंत सांगत राहिली.
ड्रीख — दिवसभर भुरभुर, सूर्य नाही, जीव उबगते.

हा शेवटचा मे महिन्यात शिकवलेला.
सीताबर्डीची टेकडी पांढरी पडलेली उन्हानं,
वाळ्याच्या ताटीवर पाणी मारता मारता
आईनं विचारलं, काहून बाई?
भुरभुरीले कोनी उबगते का?
बाई हसली. मग बराच वेळ
ओल्या ताटीला गाल लावून उभी राहिली.

सातवीच्या इंग्रजीत मी लिहून आलो:
ग्रीट म्हणजे रडणे.
पिंपळापुरे सरांनी वर्गात वाचून दाखवलं,
ह्याच्या घरी पाहुणा आला की रडतात रे!
त्याच आठवड्यात मराठीच्या निबंधातला
माझा 'काहून' कापला गेला.
मास्तर वेगळे, शाई तीच.
घरी येऊन मी चार्ट भिरकावले,
तुह्या बाईले इंग्रजी येत नाही!
आईनं एकेक कागद उचलला,
पदरानं पुसला.
तिले तिची येते, म्हणाली.

बाई कायमची निघाली तेव्हा
आईनं डब्यात सांबारवडी दिली.
प्लॅटफॉर्मवर मिंगिसबाई वाकली,
माझी हनुवटी धरून म्हणाली,
डिना ग्रीट, बेर्न.
रडत मी नव्हतोच.
गाडी हलली, आणि मला
पिंपळापुरे सरांना तिथं आणून उभं करावंसं वाटलं.

आई गेल्यावर पेटीत चार्ट सापडले,
उंदरांनी कडा खाल्लेले.
एका कागदावर नुसतं: थोल —
पुढे कोरं.
कॉलेजच्या वाचनालयातल्या जाड कोशात
अर्थ मिळाला एकदाचा, सोसणे.
पेन काढलं होतं मी,
पण सहज कागद उलटला.

बेड नंबर नऊ. वय वर्षं सहा.
एकशे तीन. एकशे चार. एकशे चार.
बुधवारी सकाळी एकशे पाच.
त्यापुढे चौकटी आहेत, रेघ नाही.