पाचवं भिंग

आग्रा रोडवर, बोरशांच्या दुकानात
काउंटरवर पाच भिंगं मांडून पोरगा म्हणाला,
काका, बघायचंय काय?
मी खिशातली पुडी सोडली.
आत चावीचं घड्याळ,
साक्रीच्या एका शिंप्याचं, चौदा वर्षं मुकं.

बत्तीस वर्षं एसटीत होतो.
धुळे-दोंडाईचा, धुळे-शिरपूर,
खोटं नाणं अंधारातही अंगठ्याला कळायचं.
निवृत्तीनंतर घड्याळं उघडायचा नाद लागला
आणि तोच अंगठा
एकाएकी केवढा तरी मोठा झाला.

पहिलं भिंग वीसपट.
चाकाचा एक दात दिसला, डोंगराएवढा,
बाकीचं चाक कुठल्या स्टॉपवर उतरलं कोण जाणे.
नाक टेकेपर्यंत वाकायचं,
काचेवर आपल्याच श्वासाची वाफ,
आणि चिमटा शिरायला जागाच नाही.

दुसऱ्याला गोल दिवा होता, देखणा.
स्टीलच्या पाठीवर तो असा चमकला
की कोरलेलं नावच पुसून गेलं.
तिसरं डोक्याला बांधायचं.
बांधलं, आरशात पाहिलं, काढलं.

चौथ्याखाली मी पाकिटातलं तिकीट धरलं,
नोकरीच्या पहिल्या दिवसाचं, पासष्ट पैशांचं.
कडेला छापील रेघ वाकली, चुलीजवळच्या मेणबत्तीसारखी.
नको म्हटलं.

पाचवं जाड काचेचं, वाकड्या मानेचं,
टेबलावर आपलं आपण उभं राहणारं.
जेमतेम अडीचपट.
मूठभर अंतरावरून चाक अख्खं दिसलं,
दोन्ही हात मोकळे.
तिकीट पुन्हा सरकवलं त्याच्याखाली.
पंचचं भोक
गोल नव्हतं.
एका बाजूला कुरतडलेलं, उंदरानं चाखल्यागत.
बत्तीस वर्षं, लाखभर उतारू,
आणि मी समजत होतो
आपण गोल भोकं पाडतो.

हेच दे, म्हणालो.
साडेचारशेचं चारशे ऐंशीपर्यंत नेऊन
पुन्हा चारशे तीसवर आणलं त्यानं.
पाचशेची नोट घेतली,
पन्नास परत दिले, आणि म्हणाला,
वीस सुट्टे नाहीत काका, येता-जाता घ्या.
मी काय बोलणार?
हे वाक्य त्याच्या जन्माआधीपासून माझं आहे.

रात्री जेवणं आटोपल्यावर
घड्याळाचा एक स्क्रू चिमट्यातून उडाला.
मोहरीच्या चौथाईएवढा.
भिंग घेऊन मी फरशीवर रांगलो.
मुंगीचे सहाही पाय दिसले,
दादरच्या भाकरीचा चुरा दिसला, पांढरा केस दिसला,
फरशीतल्या भेगेत गेल्या दिवाळीची रांगोळी दिसली.
स्क्रू नाही.

कौतिका दारात उभी राहून बघत होती.
काही न बोलता तिनं दिवा मालवला,
बॅटरी जमिनीला आडवी टेकवून लावली.
पलंगाच्या पायाशी
काडीएवढी लांब सावली पडली.

हाऊ दख, म्हणाली,
आणि झोपायला गेली.

घड्याळ अजून बंदच आहे.