घुमते, पण फिरत नाही

वीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतोय,
खानापुरात, स्टेशन रोडला, टायरवाल्याच्या शेजारी.
गिऱ्हाईक मोटर खाली ठेवायच्या आतच सांगतं,
"घुमते, पण फिरत नाही."
मी म्हणतो, एक फेज गेली असणार. ठेव. गुरुवारी ये.

ही झाली दिवसाची वीज.

रात्रीची वीज गुरुपादनं आणली,
जुन्या लॅपटॉपात, खताच्या पिशवीत गुंडाळून.
पडद्यावर एक रॅक. रॅकमध्ये चौकोन, चौकोनांना बटणं, भोकं,
या भोकातून त्या भोकात लाल-पिवळ्या वायरी,
खऱ्यासारख्या लोंबणाऱ्या.
मी हात मागं घेतला. सवय.
"शॉक बसत नाही दादा. इथले व्होल्ट म्हणजे नुसते आकडे,
पाच वर, पाच खाली."

मग एक चौकोन आपणच करायचा ठरला.

सुरुवातीला रिकामा साचा मिळतो,
त्याला नाव द्यायचं.
"नीट ठरव," गुरुपाद म्हणाला, "एकदा दिलं की बदलायचं नाही,
आधीची सगळी जोडणी तुटते."
आम्ही दोघं याच भागातले.
नाव बदलणं म्हणजे काय, ते एसटीच्या पाट्या वाचत शिकलो.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
शेवटी कळलं, नाव रोमन अक्षरांतच चालतं.
तुझंही नाही, माझंही नाही.
"बरं झालं की," मी म्हटलं.

अकरा रात्री गेल्या.
त्यातल्या चार एका राहिलेल्या अर्धविरामात.
टायरवाला विचारायचा, "रात्रभर काय करूलालास?"
काय सांगणार?
सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर वेळा
यंत्र माझ्या दारात येतं आणि विचारतं, आता किती?
दर वेळी उत्तर द्यायचं.
एकदाही गुरुवारी ये म्हणता येत नाही.

उत्तर तसं साधं होतं.
एक आकडा धरायचा, दर फेरीला जरासा वाढवायचा,
एकाच्या पुढं गेला की त्यातून एक काढून टाकायचा.
हे माझ्या बोटांना आधीच येत होतं:
स्लॉटामागून स्लॉट,
आणि फेरा भरला की परत पहिला स्लॉट.

दर्शनी पट्टी गुरुपादनं आखली,
उंची एकशे साडेअठ्ठावीस मिलिमीटर, त्यात सूट नाही.
बटणाखाली मी लिहिलं 'सूर'.
त्यानं त्याखाली कानडीत तेच.
उघडून बघितलं तर दोन्ही गायब.
दोन तास शोधल्यावर नियम सापडला:
अक्षरं अक्षरं म्हणून चालत नाहीत,
आधी त्यांच्या रेषा कराव्या लागतात.
केल्या.
आता तिथं शब्द नाहीत, वळणं आहेत,
काही त्याची, काही माझी, यंत्राला एकच.
"ह्याला कोण डांबर फासणार?" गुरुपाद हसला.
मीही हसलो. जरा उशिरानं.

बाराव्या रात्री लाईट गेली.
बॅटरी एकोणीस टक्के.
इअरफोनचं एक बोंड त्याच्या कानात, एक माझ्या.
पहिला सूर मी पन्नासवर ठेवला होता,
दुसरा आकडा सुचलाच नाही.
वायर ओढून भोकात सोडली.

बाहेर ट्रान्सफॉर्मर गप्प, सगळं खानापूर काळंकुट्ट,
आणि कानात वीज.

"एक व्होल्ट वाढव," गुरुपाद म्हणाला.
एका व्होल्टला सूर दुप्पट होतो.
शंभर.
मी उठून उभाच राहिलो.
तीच ती. एक फेज गेलेली,
जागच्या जागी कण्हणारी,
इदलहोंडच्या त्या माणसानं दुपारी ठेवून गेलेली.
कोपऱ्याकडं बघितलं. ती तिथंच होती, पोत्याखाली, गार.

"काय झालं?"
"घुमते," मी म्हटलं, "पण फिरत नाही."
"ह्याला फिरायचंच नाही की, दादा."

बॅटरी अकरावर आली.
मी आणखी एक व्होल्ट वाढवला.