आठातले सात

लर्विकच्या टेकडीवर वेधशाळेत
दर तीन तासांनी मी आकाश मोजते.
ढग आठात किती, वारा कुठून,
पांढऱ्या झडपांच्या पेटीत पारा किती.
सव्वीस वर्षं. अंदाज बांधणारे दुसरे,
आम्ही फक्त दिसेल ते लिहायचं.

मार्चमध्ये, पहाटे तीनच्या नोंदीत,
तापमानाच्या रकान्यात मी लिहिलं: अँड्रीना.
अँड्रीना माझी मुलगी. ती अ‍ॅबरडीनला असते.
खोडलं, आकडा लिहिला, बाहेर गेले,
तर वाऱ्यात गरगरणाऱ्या त्या चार वाट्या,
रोज पुसते मी त्या,
आणि नाव जिभेच्या टोकावरून
थेट समुद्रात.

मला वाटलं, मामाचं झालं तेच.
मामा शेवटी बुटात चहा ओतायचा.

मग छातीत धडधड, जिना न चढता.
मग गिबी टोस्ट चावतो त्याचा आवाज.
एकवीस वर्षं ऐकलेला आवाज,
आणि त्या सकाळी अंगाचा तिळपापड.
मी त्याचे बूट गारांत भिरकावले.
तो अनवाणी गेला, दोन्ही घेऊन आला,
काही बोलला नाही. त्याचाही राग आला.

फेरीच्या रांगेत, गारपिटीत,
मी स्वेटर काढला, मग आतला शर्टही
कोपरांपर्यंत वर. मानेतून आग कानांवर चढत होती
आणि पाठीवरून घामाचा ओघळ.
तिकीटखिडकीतली मीमा वाकून म्हणाली,
"पाळी कधी आली होती, ओस्ला?"
जानेवारीत. फेब्रुवारीत दोनदा,
दुसऱ्यांदा तर चादरी बदलाव्या लागल्या.
त्यानंतर नाही. वय? सत्तेचाळीस.
मीमाने सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.
"तुला हवामानातलं कळतं असं ऐकलं होतं."

त्या रात्री नोंदवहीच्या मागच्या पानांवर
मी दुसरी वही उघडली.

०३.०० जाग. गळा, छाती, तळहात. चार मिनिटं.
०३.०४ थंडी. गोधडी पुन्हा.
०६.०० बोटांची पेरं आखडलेली, बटण लागेना.
१२.०० कारण नसताना रडू. ढग आठातले सात.
१८.०० व्हिस्की एक. (२१.०० झळ.)
१८.०० व्हिस्की नाही. (२१.०० काही नाही.)
१९.०० गिबीला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं,
मला वाटलं मीच तुला नकोसा झालो.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी वही वाचली,
पानं उलटत, ओठ हलवत, शाळेतल्या मुलीसारखी.
"रक्त कशाला काढू? सगळं इथे आहे."
पण चादरींचं पान तिने बोटाने दाबून धरलं,
तिथे मात्र तपासणी झाली. काही निघालं नाही.
कमरेवर चिकटवायची पट्टी, सोमवारी आणि गुरुवारी,
रात्री एक गोळी. लोकरी पांघरूण गेलं, सुती आलं.
आणि वजन उचल, म्हणाली, हाडांसाठी.
मी म्हटलं, पीटच्या गोण्या चालतील?

परत येताना बसमध्ये आई आठवली.
एका हिवाळ्यात ती रोज रात्री
अंगावर फक्त झगा घालून
मेंढ्यांच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायची.
आम्ही खिडकीतून बघायचो.
बाबा म्हणायचे, तिचा जीव आहे मेंढ्यांवर.
कुणी विचारलं नाही. तिच्यापाशी वहीही नव्हती.
तिच्या त्या रात्री आता मीच लिहून ठेवल्या,
नंतरच्या पानावर, तारखा नसलेल्या.

पट्टीने सगळं थांबलं असं नाही.
पहाटे तीनला जाग अजून येते,
पण आता दोनदा वळून परत झोपते,
आणि टोस्ट पुन्हा टोस्टसारखा वाजतो,
बहुतेक दिवशी.

काल भांडी घासताना, हात फेसात,
अ‍ॅनिमोमीटर!
मी एवढ्या मोठ्याने ओरडले
की गिबी धावत आला, हातात वर्तमानपत्र.
"काय झालं?"
काही नाही, म्हटलं. मासळी गरम कर.