थांबायला लागणारा वेळ

आर्वो लेह्तिनेन हळू धावायचा.
ही निंदा नव्हे, नोंद आहे:
चाळीस यार्ड, पाच पूर्णांक दोन सेकंद.
कोचने स्टॉपवॉच कानाशी धरून हलवलं,
बंद पडलंय का म्हणून.

मी चार पूर्णांक पाच.
खाणीच्या पलीकडचा, ट्रेवार्थांचा धाकटा.
मला काम एकच:
त्या लांबोळ्या चेंडूला त्याचे हात लागू न देणं.
घरून निघताना भाऊ म्हणाला, आज तुला सुट्टीच की.

सुपीरियर सरोवरावरून वारा येत होता,
कडेच्या गवतावर बर्फाची पहिली भुकटी.
पोस्टात रांगेला उभं राहावं
तसा तो रेषेवर येऊन उभा राहिला.
हातमोजे नाहीत. पाइनचे ओंडके रचून रचून
बोटं रुंद झालेली, पेरांत राळ.
पंचांनी एकदा हुंगूनही पाहिली.

पहिल्या झेलाला मी म्हटलं, नशीब.
दुसऱ्याला म्हटलं, वारा.
चौथ्यानंतर काही म्हटलं नाही.

तो माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हता.
बघायचा कमरेकडे,
शिंपी बघतो तसा.
सात पावलं सरळ, आठवं जरा लांब,
आणि नववं पडायचंच नाही.
मी तोवर तीन यार्ड पुढे,
स्वतःलाच आवरत, घसरत;
मागे वळेतो चेंडू त्याच्या काखेत,
दुकानातून घरी न्यायच्या पावासारखा.

कासवाची गोष्ट सांगू नका कुणी.
मी झोपलो नव्हतो.
आयुष्यात इतका जागा मी कधीच नव्हतो.
एवढंच, की ज्याच्याकडे वेग नाही
त्याला थांबायला वेळ लागत नाही.

विद्यापीठांची माणसं आली, घड्याळं घेऊन आली,
मला घेऊन गेली.
आर्वोच्या नावापुढे कुणीतरी आकडा लिहिला
आणि पान उलटलं.
तो गेला एका छोट्या कॉलेजात,
जिथे मैदानाच्या रेषाही खेळाडूच आखायचे.
चार वर्षांत एकशे नव्वद झेल.
पेपरच्या आतल्या पानावर ते मी वाचायचो
गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून.

आता साठीला टेकलोय दोघे.
फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
गळ टाकून बसतो, पालथ्या बादल्यांवर.
माझे दोन्ही गुडघे धातूचे.
त्याची चाल होती तशीच,
कमी व्हायला होतं काय!

परवा विचारलं शेवटी:
त्या रात्री, अखेरच्या डावाला,
मी आतल्या बाजूला झेपावणार
हे तुला कळलं कसं?

त्याने दोरी बोटावर घेतली,
माशाशीच बोलत असल्यासारखा गप्प राहिला.
मग म्हणाला,
"झेप घ्यायच्या आधी तू श्वास रोखायचास.
थंडीत दिसायचं ना.
तोंडापुढची वाफ थांबायची."

भोकाच्या कडेने साय धरत होती.
झाऱ्याने ती त्याने काढली, सावकाश,
पुन्हा धरणारच आहे हे ठाऊक असलेल्या हाताने.

मी तोंडापुढे पाहिलं.
वाफ नव्हती.