मधलं बोट

जयदास वैती म्हणतो, आधी नखं काप.
मग अंगठा पिकअपवर टेकव आणि विसर.
तर्जनी, मधलं. तर्जनी, मधलं.
बोट तार ओढत नाही, तारेवरून पार जातं
आणि शेजारच्या जाड तारेवर येऊन थांबतं,
दारात चप्पल काढून थांबावं तसं.

माझं मधलं बोट लंगडं.
दर दुसरा ठोका जरा उशिरा, जरा हलका.
जयदास डोळे मिटून सांगतो कुठलं बोट होतं ते.
दिघ्याच्या हळदीत पहाटे चारपर्यंत वाजवणारा माणूस,
त्याला घाई नसते.

दिवसा महापेला बिलांची एंट्री करते,
हात मोकळा झाला की मांडीवर तेच.
घणसोलीत आमची खोली दहा बाय बारा.
अँप लावला तर शेजारच्या मांडणीतले डबे बोलतात,
म्हणून रात्री नुसत्याच तारा,
पोटाला टेकलेल्या लाकडातून ऐकायच्या.

बाबा मसाला मार्केटमधून येतात,
खांद्याला मिरचीचा वास, हुक खिळ्याला.
काल माझा हात ओढून ट्यूबखाली धरला,
फोड दाबून पाहिला.
"फोडू नकोस. घट्टा होऊ दे."
आणि जेवायला बसले.

वाजवणं येईल, जयदास म्हणतो,
गप्प करणं शिक.
एक तार बोलते तेव्हा तीन गप्प हव्यात.
अंगठा सरकव, जाडीवर आडवा झोपव.
मी झोपवते. तरी ती घुमते,
बारीक, कुणालाच ऐकू न येणारी.

अंधारात बाबा कूस बदलतात.
"ते मधलं अजून मागं राहतंय."